परराष्ट्र धोरणाचा उन्हाळी अभ्यासक्रम: सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी

जून ते ऑगस्ट या काळात युरोपातली अनेक विद्यापीठं आणि संशोधन संस्था परराष्ट्र धोरण, प्रादेशिक सुरक्षा, आंतरराष्ट्रीय कायदा या विषयांचे दोन ते सहा आठवड्यांचे वर्ग भरवतात. सोलापुरात राज्यशास्त्र, इतिहास, कायदा किंवा पत्रकारिता शिकणाऱ्या मुलामुलींनी तिथे अर्ज करावेत असं मला मनापासून वाटतं. पुण्या-मुंबईच्या मुलांच्या ओळखीत कुणीतरी आधी जाऊन आलेलं असतं. आपल्याकडे बहुतेकांना तसं कुणी नसतं. म्हणून पासपोर्टपासून परत येईपर्यंत काय काय करायचं ते इथे क्रमाने लिहितो आहे.

अशा वर्गातून पदवी मिळत नाही, नोकरीची हमी मिळत नाही, तिकडे राहायची परवानगीही मिळत नाही. पण एका टेबलाभोवती पोलंडची, केनियाची, व्हिएतनामची, कधी पाकिस्तानचीही मुलं बसतात आणि जो नकाशा आपण कायम दिल्लीच्या बाजूने पाहिला, तो त्यांच्या बाजूने पाहावा लागतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना याचा फायदा होतो, मात्र केवळ मुलाखतीत सांगता यावं म्हणून घरच्यांना एवढ्या खर्चात पाडू नका.

आधी प्रश्न ठरवा

कोणत्या देशात जायचं याच्या आधी कोणता प्रश्न घेऊन जायचं ते ठरवायला हवं. बहुतेक अर्ज इथेच पडतात. 'मला आंतरराष्ट्रीय राजकारणाची आवड आहे' हे वाक्य निवड करणाऱ्यांनी शेकडो वेळा वाचलेलं असतं. आपल्या गावातून निघालेला प्रश्न त्यांनी वाचलेला नसतो.

आणि सोलापुरात असे प्रश्न भरपूर आहेत. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ ला बंदी उठवली. मधल्या काळात मात्र बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मॉरिशस, बहारीन आणि संयुक्त अरब अमिराती या सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा पाठवायची मुभा दिली होती. हेच सहा देश का? यादी करताना शेजारधर्म पाहिला, आखातातली आपली माणसं पाहिली की आणखी काही? हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाला उभं राहिलं की जास्त नीट कळतो.

टॉवेलचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. मोठ्या कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडला आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली. युरोपची खेप साधारण दहा ते पंधरा दिवसांनी लांबली, भाडी चढली. निर्यात करणाऱ्या एखाद्या कारखानदाराकडे जाऊन तासभर बसा. वाढलेलं भाडं कुणी सोसलं, गिऱ्हाईक टिकलं का, माल कोणत्या बंदरात अडकला, हे विचारून घ्या. सागरी सुरक्षेवर लिहायला याहून सच्चा कच्चा माल परदेशातल्या ग्रंथालयात सापडणार नाही.

पाण्याचा प्रश्न घेतलात तर जरा जपून. उजनी भीमेवर आहे, भीमा कर्नाटकात कृष्णेला मिळते, आणि वरच्याने किती अडवायचं, खालच्याला किती सोडायचं यावर लवाद बसलेले आहेत. पण तो एका देशातल्या राज्यांचा वाद आहे. भारत-पाकिस्तानमधला १९६० चा सिंधू पाणीवाटप करार १९६५, १९७१ आणि १९९९ च्या लढायांतून टिकला आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. तरी वरच्या आणि खालच्या गावांतला ताण ज्याने लहानपणापासून ऐकला आहे, त्याला सिंधू, ब्रह्मपुत्रा किंवा नाईलवर बोलताना विषय परका वाटत नाही.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना विसरू नका. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात आपले हे सोलापूरचे डॉक्टर होते. ते तिथेच राहिले, तिथल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. चीनमध्ये त्यांना के दिहुआ या नावाने ओळखतात. वर्गात चिनी विद्यार्थी असेल तर गलवानच्या आधी या नावापासून बोलणं सुरू करता येतं. निघण्यापूर्वी कोटणीस स्मारकात एकदा जाऊन या. सोलापुरातच राहून ते न पाहिलेले पुष्कळ जण आहेत.

यांतला एक प्रश्न निवडा किंवा स्वतःचा शोधा, आणि तो वहीत एका वाक्यात लिहा. पुढे अर्ज, वाचन, वर्गातलं बोलणं सगळं त्या वाक्याच्या आधाराने करायचं आहे.

अभ्यासक्रम पारखून घ्या

काही जुनी ठिकाणं सांगतो. हेगच्या पीस पॅलेसमधली आंतरराष्ट्रीय कायद्याची अकादमी १९२३ पासून आहे. तिथे उन्हाळ्यात तीन आठवडे सार्वजनिक आणि तीन आठवडे खासगी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आधी हीच पाहावी. ऑस्लो विद्यापीठाची आंतरराष्ट्रीय उन्हाळी शाळा १९४७ साली सुरू झाली, आणि शांतता संशोधनाचं १९५९ पासून नावाजलेलं केंद्र त्याच शहरात आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची उन्हाळी सत्रं तीन-तीन आठवड्यांची असतात. नाव मोठं, खर्चही मोठा. जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाचा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचा जुलैमधला कार्यक्रम शुल्क घेत नाही, प्रवास आणि राहणं आपलं आपण पाहायचं. तो त्या वर्षी भरणार आहे का हे मात्र त्यांच्या संकेतस्थळावर आधी पाहा. पैशाची अडचण असेल तर दक्षिण आशियातल्या कार्यशाळांवरही लक्ष ठेवा. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, आणि आपल्याच प्रदेशाची सुरक्षा समजून घ्यायला काठमांडू किंवा कोलंबो हेगपेक्षा कमी नाहीत, काही बाबतींत सरसच आहेत.

शहर पाहून अभ्यासक्रम निवडू नका. शिकवणाऱ्यांची नावं आधीच दिली आहेत का? त्यांनी या विषयावर काही लिहिलं आहे का? वाचनाची यादी जाहीर आहे का? शेवटी निबंध किंवा परीक्षा आहे का? चारही गोष्टी असतील तर तो अभ्यासक्रम आहे. त्याऐवजी नुसतेच राजवाड्यासमोरचे गट फोटो दिसत असतील, अर्ज केल्याच्या दुसऱ्या दिवशी 'अभिनंदन, तुमची निवड झाली' असा मेल आला असेल आणि आठवड्यात पैसे भरा म्हणत असतील, तर ती सहल आहे. अशा युवा परिषदांचे मेल महाविद्यालयीन मुलांना सर्रास येतात. प्रमाणपत्र छान छापलेलं असतं, पण त्यासाठी आई-वडिलांची ठेव मोडू नका.

दिवाळीला सुरुवात करा

पुढच्या जुलैला जायचं तर तयारी आदल्या दिवाळीत सुरू व्हायला हवी. अनेक ठिकाणी शिष्यवृत्तीची मुदत साध्या प्रवेशाच्या बरीच आधी संपते आणि ज्यांना पैशांची गरज असते तेच नेमके उशिरा पोहोचतात. आपल्या विद्यापीठाच्या सत्र परीक्षा मे-जूनमध्ये रेंगाळू शकतात, तेव्हा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होणारा वर्ग टाळलेला बरा.

पासपोर्ट नसेल तर पहिलं काम तेच. सोलापूर पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतं, पण कागद तपासायला आणि बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जावं लागत नाही, सोलापुरात टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी पासपोर्टचं साधं शुल्क १,५०० रुपये. पत्ता शहरातला असेल तर पडताळणी शहर पोलिसांकडून, बार्शी, माढा, मोहोळचा असेल तर ग्रामीण पोलिसांकडून होते. वसतिगृहात राहणाऱ्यांनी कोणता पत्ता द्यायचा हे आधीच ठरवावं.

नावाकडे नीट लक्ष द्या. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव, काही ठिकाणी आईचंही. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जातं. परदेशी संस्थेचा अर्ज, विमा, तिकीट, बँकेचं खातं, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव घाला. एखादं स्पेलिंग जुळत नसेल तर ते दिवाळीतच दुरुस्तीला टाका, मे महिन्यात धावपळ नको.

अर्ज

एक हेतुपत्र, दोन शिफारसपत्रं, गुणपत्रिका, काही ठिकाणी आधी लिहिलेला एखादा निबंध. हेतुपत्राची पहिली ओळ म्हणजे वहीतला तो प्रश्न. मग तो प्रश्न तुम्हाला कुठे भेटला, आजवर त्यासाठी काय वाचलं, आणि त्यांच्या अभ्यासक्रमातल्या कोणत्या भागातून तुम्हाला पुढे जाता येईल, एवढंच लिहायचं. लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे गाळा.

शिफारसपत्र ओळखीच्या पुढाऱ्याकडून घेऊ नका. ज्या मॅडमनी किंवा सरांनी तुमचे निबंध तपासले आहेत त्यांच्याकडूनच घ्या, आणि मागताना तुमचं हेतुपत्र, गुण आणि मुदतीची तारीख हातात द्या. शिक्षकांना सत्राच्या शेवटी श्वास घ्यायला फुरसत नसते, महिनाभर आधी सांगणं बरं. इंग्रजीच्या परीक्षेऐवजी 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी' असं महाविद्यालयाचं पत्र काही संस्था चालवून घेतात. परीक्षेची फी भरण्याआधी मेल करून विचारा. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी बिचकू नये. वर्गातले निम्मे लोक इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणूनच बोलत असतात.

तुम्ही स्वतः सरकारी नोकरीत असाल तर दोन गोष्टी वाढतात: खात्याची ना हरकत, आणि परदेशी संस्था खर्च करणार असेल तर परकीय आदरातिथ्य स्वीकारायची केंद्राची परवानगी. ती सावकाश येते.

पैसे

शुल्क, राहणं, विमान, व्हिसा, विमा, जेवण आणि तिथला रोजचा प्रवास हे सात खर्च वेगवेगळे लिहून काढा. संस्था बहुधा पहिले दोनच सांगते. शिष्यवृत्ती 'पूर्ण' म्हटली तरी विमानाचं तिकीट त्यात धरलं आहे का ते विचारा.

शुल्क पाठवताना बँक ए-टू नावाचा फॉर्म आणि पॅन मागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका माणसाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि वर्षभरात १० लाख रुपयांच्या आत असाल तर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) कापला जात नाही. प्रत्येक शाखेत परकीय चलनाचं काम होत नाही, म्हणून आधी चौकशी करून जा. रोख नोटा थोड्याच ठेवा, बाकी फॉरेक्स कार्डवर.

घरचे पैसे पतसंस्थेत असतील, आणि सोलापुरात बऱ्याच घरांचे असतात, तर ते सहा महिने आधीच बँकेच्या खात्यात आणा. व्हिसा देणारा अधिकारी खात्याचा उतारा पाहतो. अर्जाच्या आठवड्यात एकदम जमा झालेली मोठी रक्कम पाहून त्याला शंका येते. घरची शेती असेल तर सातबारा, बाजार समितीच्या पट्ट्या आणि त्या पैशांच्या बँकेतल्या नोंदी एकत्र जोडून अर्ध्या पानाचं साधं पत्र लिहा. यंत्रमागाचं उत्पन्न असेल तर विवरणपत्रं आणि जीएसटीचे कागद. अधिकाऱ्याने सोलापूर पाहिलेलं नसतं, त्याला आपलं घर कसं चालतं ते कागदावरून समजलं पाहिजे.

व्हिसा

नेदरलँड्स, नॉर्वे, स्वित्झर्लंड, जर्मनी, हंगेरी हे सगळे शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत येतात. नव्वद दिवसांच्या आतल्या अभ्यासक्रमाला सहसा अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा पुरतो. त्याचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, शिवाय अर्ज केंद्राचा सेवा आकार. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो, पण शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भराभर संपतात. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. तिथे मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचं शिक्षण पर्यटक व्हिसावर करता येतं.

काही देशांची अर्ज केंद्रं पुण्यात आहेत, बाकीच्यांसाठी मुंबई. सकाळची वेळ मिळाली तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा. मूळ कागद आणि प्रतींचे दोन वेगळे गठ्ठे ठेवा. परतायचं कारण कागदावर दिसलं पाहिजे: पुढच्या वर्षाचा प्रवेश, महाविद्यालयाचं बोनाफाइड, नोकरी असेल तर रजेचं पत्र.

निघण्यापूर्वी वाचायचं

वाचनाचा भाग सर्वात महत्त्वाचा आणि नेमका हाच लोक विमानात बसल्यावर उघडतात.

दोन-तीन कल्पना पक्क्या असल्या की वर्गातल्या निम्म्या चर्चा उलगडतात. पहिली सुरक्षेच्या पेचाची: एक देश स्वतःच्या बचावासाठी शस्त्रं वाढवतो, शेजाऱ्याला तो धोका वाटतो, शेजारीही वाढवतो आणि शेवटी दोघेही आधीपेक्षा असुरक्षित होतात. दुसरी बॅरी बुझान आणि ओले वेव्हर यांची प्रादेशिक सुरक्षा संकुलाची कल्पना: काही देशांची सुरक्षा एकमेकांत इतकी गुंतलेली असते की एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करताच येत नाही. दक्षिण आशिया हे त्याचं ठळक उदाहरण. तिसरी आपल्या घरातली. कौटिल्याचं षाड्गुण्य, म्हणजे दुसऱ्या राज्याशी वागण्याचे सहा मार्ग: संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव, परदेशी प्राध्यापकांनी निदान ऐकलेलं असतं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र मात्र त्यांना ठाऊक नसतं. टोपीकर (म्हणजे युरोपीय व्यापारी) हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी राज्यं आहेत, त्यांना किनाऱ्यावर जागा देताना सावध असावं, हा त्यातला विचार आज परदेशी बंदरं आणि कर्जांवर चाललेल्या वादाशी थेट जुळतो. तो आपल्या भाषेत, तीनशे वर्षांपूर्वी लिहिला गेला आहे. वर्गात जरूर मांडा.

मग मूळ कागद वाचा. १९७२ चा सिमला करार, भारत-चीनचे १९९३ आणि १९९६ चे सीमेवरील शांततेचे करार, युरोपचा १९७५ चा हेलसिंकी अंतिम दस्तऐवज. हेलसिंकीचा सोडला तर हे मजकूर छोटे आहेत, आणि त्यांच्यावर तासन् तास बोलणाऱ्या अनेकांनी ते वाचलेले नसतात. दक्षिण आशियाई देशांची संघटना सार्क १९८५ ला ढाक्यात जन्मली आणि २०१४ च्या काठमांडूनंतर तिची शिखर परिषद झालेली नाही. आग्नेय आशियाई देशांची १९६७ ची आसियान मात्र चालू राहिली. का, यावर स्वतःचं मत तयार ठेवा.

आणि रोज शेजाऱ्यांची वर्तमानपत्रं: कराचीचं डॉन, ढाक्याच्या प्रथम आलोची इंग्रजी आवृत्ती, काठमांडू पोस्ट. आपल्याबद्दल तिकडे काय लिहितात ते वाचून राग येईल. तो राग घरी येऊन जाऊ द्या, वर्गात पहिल्यांदा नको.

वर्गात बसल्यावर

पहिल्या आठवड्यात तुम्हाला विचारतीलच: युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा भारताने रशियाचा निषेध का केला नाही? २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं, ५ विरोधात गेले आणि ३५ तटस्थ राहिले. त्या ३५ मध्ये आपण होतो. उत्तर देताना आधी कारणं सांगा: लष्करी सामग्रीचं अवलंबित्व, १९७१ चा सोव्हिएत संघाशी केलेला करार, चीन-रशिया आणखी जवळ येण्याची भीती, तेल. त्यानंतर तुमचं स्वतःचं मत, ते वेगळं असलं तरी. सरकारची भूमिका समजावून सांगणं आणि तिची वकिली करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि तुम्हाला कुणी राजदूत म्हणून पाठवलेलं नाही. समोर पोलंडची किंवा युक्रेनची मुलगी असेल तर तिच्यासाठी हा घरावरचा प्रश्न आहे, हे बोलताना विसरू नये.

पाकिस्तानी विद्यार्थ्याशी काश्मीरवर वाद वर्गात होईल तो होऊ द्या, पण जेवायला त्याच्या शेजारी बसा. सोलापुरात वाढलेल्याच्या कानावर मराठीबरोबर उर्दू, तेलुगू, कन्नड पडलेली असते. भाषांच्या सरमिसळीची ही सवय तिथे फार कामाला येते.

चॅटम हाउस या लंडनमधल्या परराष्ट्र धोरणाच्या संस्थेचा नियम माहीत असू द्या. १९२७ पासून तो चालत आला आहे: बैठकीत जे ऐकलं ते वापरता येतं, पण ते कोण बोललं किंवा तिथे कोण हजर होतं हे बाहेर सांगायचं नाही. निवृत्त सेनाधिकारी किंवा मुत्सद्दी बोलायला आले की हा नियम बहुधा लागतो. त्या तासाचे फोटो आणि कोण काय म्हणालं याच्या पोस्ट टाकू नका.

बऱ्याच ठिकाणी एखाद्या संकटाचा सराव असतो: सीमेवर गोळीबार झाला आहे, तुम्ही अमुक देशाचे परराष्ट्रमंत्री, सहा तासांत निर्णय घ्या. शक्य असेल तर भारत मागू नका. बांगलादेश किंवा मालदीव मागून घ्या. मोठा शेजारी छोट्याला कसा दिसतो, हे त्या सहा तासांत जेवढं कळतं तेवढं इथे बसून वाचून कळत नाही.

राहणं-खाणं

कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, दोन्ही टिकतात. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे आणि तुपातलं काही नको. डाळिंबंही नकोत, ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. जुलैतही संध्याकाळी गार वारं सुटतं. एक जाडसर जाकीट आणि छत्री पुरे. सैनिकी तळ, बंदरं, सीमाचौक्या यांचे फोटो काढू नका. तुमच्या अभ्यासाचा विषय पाहता उगाच चौकशी मागे लागेल.

परतल्यावर

श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) जाण्यापूर्वीच विचारायचं असतं. युरोपात एका वर्षाच्या अभ्यासाला ६० श्रेयांक धरतात आणि एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. आपलं विद्यापीठ ते धरणार का, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. परत आल्यावर गुणपत्र, अभ्यासक्रमाचा आराखडा आणि तासांचा तपशील एकत्र जोडून द्या. नुसतं प्रमाणपत्र दिलं तर फाईल पुढे सरकत नाही.

तिथे लिहिलेला निबंध तसाच ठेवू नका. कारखानदार, आडते, पाटबंधारे खात्यातले अभियंते यांच्याशी पुन्हा बोलून त्यात भर घाला आणि महिन्याच्या आत तिथल्या प्राध्यापकांना पाठवा. तोवर त्यांना तुमचा चेहरा आठवत असतो, आणि पुढच्या शिफारसपत्रासाठी तीच ओळख लागते. मराठीतही तो लिहून काढा आणि ज्यांच्याशी बोललात त्यांना एकेक प्रत नेऊन द्या.